घरचं विरजण

मयताला आलेल्यांना घरी केलेली बीअर द्यायची, ही नॉर्वेतल्या आमच्या व्हॉसच्या खोऱ्यातली रीत. आमची बीअर आजोबांपासून जपलेल्या यीस्टच्या विरजणाने फसफसते, याचा वडिलांना फार अभिमान होता. दर नाताळला तीच पीत मी मोठा झालो. वडील गेले तेव्हा मी त्यांच्याच बरणीतलं विरजण घातलं, पण पिंप ढिम्म राहिलं. झाकण काढलं तर वर हिरवी बुरशी, आणि मेलेल्या उंदरासारखा वास.

नाइलाजाने शेजारच्या श्यूरकडे गेलो. त्याची विरजणाची बरणी खिडकीत, कवळीला टेकून उघडीच होती. त्याने त्यात पडलेल्या माश्या बोटाने काढल्या आणि बोट चाटलं.

"तोंड काय वाकडं करतोस, मास्तर? बापाला कोरड्या घशाने पोचवायचंय का?"

आठवड्याने, मयताच्या दिवशी, त्याच्या विरजणाची बीअर सगळे पोटभर प्यायले. मी मात्र ओठालाही लावली नाही.

"अगदी माझ्या भावाच्या हातची चव!" म्हणत गुन्वोर आत्या रडू लागली.

श्यूर माझ्या कानाशी वाकला.

"असणारच. तुझा बाप दर वर्षी गुपचूप माझ्याकडूनच न्यायचा."