बापावर गेलेली

"चहातली साखर बंद केलीत आणि आता सुईनं शिरेत साखर घालताय? हे बरंय तुमचं!" मास्तर म्हणाले.

सिस्टर हसली. अंगात ताप फणफणत असला तरी मास्तरांची गंमत चालूच. जन्मभर शिवणाचं दुकान चालवलेला माणूस. गिऱ्हाईक हसल्याशिवाय माप घेत नसत.

ताप मात्र काही केल्या उतरत नव्हता. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठीच गाठी, हा त्यांचा घराण्यातला आजार. वडिलांना होता, थोरल्या भावाला होता. आता त्यातल्या कुठल्यातरी एका गाठीत पू झाला होता. पण कुठल्या? सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला, सगळ्या गाठी सारख्याच दिसत होत्या. औषधं बदलून बदलून सगळे थकले आणि किडनीचे डॉक्टर अख्खं मूत्रपिंडच काढायचं म्हणू लागले.

तेव्हा मास्तरांची मुलगी आडवी आली. ती त्याच हॉस्पिटलात स्कॅन विभागात डॉक्टर होती.

"सर, आधी पेट स्कॅन करू. पू असेल तिथल्या पेशी हावरटासारखी साखर ओढतात. तेवढीच जागा फोटोत उजळते."

"आणि नाही उजळली तर?"

"तर काढा. पण मी बघितल्याशिवाय नाही."

"भारी हट्टी आहे हो तुमची मुलगी," डॉक्टर मास्तरांना म्हणाले.

"मग! माझ्यावर गेलीय," मास्तर तापातही ताठ बसले. "सिस्टर, नाक बघा तिचं. आणि आता माझं बघा."

"अगदी डिट्टो!" सिस्टर म्हणाली.

शिरेत ती साखर टोचून स्कॅन झाला. मुलगी पडद्यासमोर बसली आणि एकेक चित्र सरकवत गेली. डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला, पार मागे, एकच गाठ कडेकडेनं उजळली होती.

"ही," ती म्हणाली.

त्याच गाठीत सुई घातली. पू निघाला, ताप उतरला, मूत्रपिंड वाचलं. मग काय विचारता! वॉर्डात झाडायला येणाऱ्या मावशींपासून शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना मास्तरांनी ऐकवलं, "एवढ्या गाठींतून नेमकी एक! माझ्या लेकीनं शोधली."

घरी सोडायच्या आधी किडनीचे डॉक्टर आले. मुलगीही तिथेच होती.

"मास्तर, आता लेकीचं बघू. हा आजार आईबापाकडून मुलांत उतरतो, निम्मी शक्यता असते. तुमचं दोघांचं रक्त घेऊन ताडून बघतो. एकदा कळलं की मोकळे."

मास्तरांचा चेहरा पडला.

"नको. तिला काही झालेलं नाही."

"कशावरून?"

"मी सांगतोय ना!" आवाज एकदम चढला.

"अहो, यात तुमचा काय दोष? तुम्ही मुद्दाम थोडाच दिलाय?"

मास्तर चादरीची शिवण चाचपत राहिले. मग मुलीकडे वळले. "तूच सांग गं यांना."

"मलाही नाही करायची तपासणी, सर," ती म्हणाली. "विषय संपला."

मास्तरांच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. चांगलेच तापले होते.

"जगाच्या पोटात डोकावतेस आणि स्वतःची वेळ आली की पाय लटपटतात? त्यांचं मी समजू शकतो. आपण पोरीला काय देऊन बसलो, या धास्तीनं त्यांचा जीव खाली-वर होतोय. पण तू? तू तर डॉक्टर आहेस!"

"घाबरलेय मी, सर. पण आजाराला नाही."

"मग कशाला?"

दाराच्या काचेतून आत मास्तर दिसत होते. नव्या सिस्टरला हातवारे करून स्कॅनची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. मुलगी बघत राहिली. या माणसाचा तिला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

"कॉलेजात पहिल्या वर्षाला रक्तगट शिकवले, तेव्हाच आमचं गणित जुळलं नव्हतं," ती म्हणाली. "मी त्यांच्या रक्ताची नाही, हे मला माहीत आहे, सर, आणि मला ते माहीत आहे, हे त्यांना कधीच कळता कामा नये."