बिब्याचा वण

देवीची लस टोचल्यावर थोरला नीळकंठ आठ दिवस तापानं फणफणला होता. म्हणून धाकट्या शारदेच्या वेळी अंबूबाईनं लस टोचणारा गावात यायच्या महिनाभर आधीच पोरीच्या दंडावर बिब्याचा चटका दिला. पोर कळवळली, तशी म्हणाली, "उगी राह्य. हेच टोचणं असते. आता तुले देवी येत नाही."

लस टोचणारा सोनाळ्यात आला, त्यानं वण पाहिला आन् पुढच्या घरी गेला. "कसा फसवला सरकारले," अंबूबाई शेजारणीजवळ हसली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आली. नीळकंठाला काही झालं नाही. शारदा वाचली, पण दोन्ही डोळे गेले.

आता ती ओसरीवर बसून दंडावरचा वण चाचपते आन् विचारते,

"माय वं, मले तर टोचेल व्हतं ना?"