खिशातली नावं

"अगं, ते काढायचं नसतं, लावायचं असतं!" आजी म्हणाली.

घुमी कसली ऐकतेय! तिने भिंतीवरच्या कापडी खिशातून एक कार्ड उपसलं, आजीच्या मांडीवर ठेवलं आणि दप्तर उचलून घरी चालू पडली. कार्डावर लिहिलं होतं, छबी.

बालवर्गाचा रिवाज सोपा होता. सकाळी आल्यावर टोपलीतून आपल्या नावाचं कार्ड शोधायचं आणि भिंतीवरच्या खिशात घालायचं. घरची लाडाची नावं, ठळक अक्षरांत. सोबत चित्रबित्र काही नाही. चौदा पोरांची चौदा, एक वर्गाच्या ताईंचं आणि एक आजीचं. आजीने तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलं होतं. आता ती रोज इथे येऊन पोरांना फुकट वाचायला शिकवायची, आणि वर खाऊही स्वतःच्याच पैशाने आणायची.

तेरा पोरं पटापट शिकली. घुमी मात्र हूं नाही की चूं नाही. तिचं कार्ड रोज ताईच लावत.

"पुढच्या सोमवारी तिच्या आईबाबांना बोलावलंय," ताई म्हणाल्या. "तोवर स्वतःचं नावही ओळखता आलं नाही, तर तिला दुसऱ्या शाळेत पाठवावं लागेल."

आजीला ते पटेना. एवढंसं अबोल पोर, नव्या ठिकाणी त्याचं कसं व्हायचं? "त्याआधी वाचायला लावते तिला. नाही तर मला आजी म्हणू नका!"

दुसऱ्या दिवशी छबी आली नाही. ताप होता. सुटायच्या वेळी घुमीने ढब्बूचं कार्ड काढून दिलं. बुधवारी ढब्बू आला नाही. जिन्यावरून पडून हात मोडून घेतला होता. आजी हळहळली खरी, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. पोरगी कार्डं उगाच उपसत नव्हती. एकेक न्याहाळून, निवडून काढत होती!

त्या दुपारी घुमीने तिसरं कार्ड मांडीवर ठेवलं आणि चक्क तोंड उघडलं.

"गोटू."

"अगं माझे राणी, वाचलंस की!" आजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने घुमीचे पटापट पापे घेतले.

गुरुवारी गोटूची जागा रिकामी होती. उलट्या होत होत्या म्हणे. "साथ आलेली दिसते," ताई म्हणाल्या. आजीला कुठली साथ नि कुठलं काय! ती भेटेल त्याला घुमीचं कौतुक सांगत सुटली होती.

शुक्रवारी सहल. फाटकाशी बस येऊन उभी राहिली. छबी ताप उतरून आली, गोटू आला, ढब्बूही हात गळ्यात अडकवून हजर. सहल कोण सोडतंय? आजीच्या गुडघ्यांना मात्र बसची पायरी झेपणारी नव्हती. ती मागे राहणार होती.

"घुमीचं वाचन दाखवायचं तर पटकन हं आजी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय," ताई म्हणाल्या.

"घुमे, येतात तेवढी सगळी काढ बघू."

घुमी खिशांपुढे उभी राहिली. "छबी. ढब्बू. गोटू." एकेक कार्ड आजीच्या ओंजळीत पडत गेलं. कुठे अडखळणं नाही. चौदाच्या चौदा, स्वतःचंसुद्धा. शेवटी म्हणाली, "ताई."

ताईंनी तिला उचलूनच घेतलं. "जिंकलात हो आजी! आता कुठे पाठवत नाही हिला."

भिंतीवर एकच कार्ड उरलं होतं. आजीला जरा लागलंच.

बस सुरू झाली तशी ती लंगडत खिडकीशी गेली. "काय गं लबाडे, माझंच तेवढं वाचता येत नाही होय?"

"येतं की. आजी."

"मग काढलं का नाहीस?"

बस हलली. घुमीने खिडकीतून टाटा केला.

"तू सोमवारी येणार आहेस ना, म्हणून."