कायद्यातली आई

"मुलीला जन्म कोणी दिला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"गर्भपेटीनं, म्हणजे दवाखान्यातल्या कृत्रिम गर्भाशयानं," हेमांगी म्हणाली. "कर्करोगामुळे माझं गर्भाशय काढलं होतं. पण बीज माझंच आहे. जन्मल्यापासून चार्वीला मीच वाढवलंय."

चार्वी तिच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या फिरवत होती. पलीकडे बसलेला शिरीष, हेमांगीचा नवरा, मुलगी रांगायच्या आतच घर सोडून गेला होता. आता त्याला तिला कॅनडाला न्यायचं होतं.

त्याचे वकील उठले. "मॅडम, आपल्याकडे 'आई' या शब्दाचा अर्थ इंग्लंडच्या कायद्यातून आलाय. आई म्हणजे जिच्या पोटी मूल जन्मलं ती. नुसतं बीज देणारी बाई फक्त दाता ठरते. वडील ठरायला मात्र बीज पुरतं."

"हा अर्थ ठरला तेव्हा अशी पेटी कुणाच्या स्वप्नातही नव्हती," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण संसदेनं तो बदललेला नाही, आणि मला बदलता येत नाही. कायद्यानं या मुलीला वडील आहेत. आई नाही."

शिरीषनं चार्वीला उचललं. ती त्याला ओळखतही नव्हती. "आई!" ती किंचाळली आणि थेट दाराबाहेर जाईपर्यंत ओरडत राहिली.

हेमांगी धावली. दारातल्या पोलीसबाईनं हात आडवा धरला.

"तुम्ही मुलीच्या कोण?"

"आई."

निकाल त्या पोलीसबाईनंही ऐकला होता. तिनं मान खाली घातली, पण हात काढला नाही.