खाडीच्या तिसऱ्या

अणुभट्टीचे मुख्य अधिकारी राजाध्यक्ष साहेब शहराच्या वेशीवरच्या कमानीखालून गेले आणि लाल दिवा लागला. पहारेकऱ्याने त्यांना पुन्हा जायला लावलं. दिवा पुन्हा लागला.

"साहेब, तुमच्या अंगात किरणोत्सारी द्रव्य फार आहे. आत सोडता येणार नाही."

नियम साहेबांनीच केला होता. अणुभट्टीतून गळती झाली तेव्हा, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, पाण्यातलं विष अंगात साठवतात हे ठाऊक असूनही, खाडीतल्या तिसऱ्या खुशाल खा असा दाखला त्यांनीच दिला होता. कोळ्यांनी त्या खाल्ल्या. मग कोळ्यांना अडवायला ही कमान उभी राहिली. मथुरा तांडेलचा नवरा दामू दवाखान्यात जाताना इथेच अडला आणि तिच्या मांडीवर गेला.

त्यानंतर मथुरा साहेबांच्या वेशीबाहेरच्या बंगल्यावर तिसऱ्या घालू लागली, दूरच्या स्वच्छ समुद्रातल्या म्हणून. साहेबांची मुलगी शहरात बाळंतपणाला गेल्याचं स्वयंपाकिणीकडून कळलं, तशी ती रोज कमानीबाहेर टोपली घेऊन बसू लागली.

साहेबांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्या तिसऱ्या कुठल्या होत्या?"

"आपल्या खाडीच्या. दाखला तुमीच दिला व्हता."

"मथुरा, माझी मुलगी आत बाळंतपणात अडली आहे. डॉक्टरांनी आशा सोडली आहे."

"माझा दामू बी दवाखान्यातच चालला व्हता."

साहेबांनी पहारेकऱ्यापुढे हात जोडले. त्याने मान फिरवली. ऊन चढलं, तरी मथुरा उठली नाही. साहेब माघारी वळताना तिला डोळे भरून बघायचे होते.