परका टाका

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तरुण मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. दर रविवारी डोंगर चढणाऱ्या गटाबरोबर नवा डोंगर. बायको घरी मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. एका सोमवारी धुवायला काढलेली त्यांची पँट गुडघ्याशी शिवलेली दिसली. टाके कसे, मुंग्यांच्या रांगेसारखे.

"कोणी शिवली?"

"गटातल्या नर्सबाईंनी. अगं, हात काय चालतो त्यांचा."

"चालणारच. माणसं शिवायची सवय," एवढंच ती बोलली. दुपारी तिने एकेक टाका उसवला आणि तिथेच आपला घातला. मास्तरांनी ते पाहिलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मास्तर परतले ते दारातच भिंतीला पाठ लावून उभे. आत यायचं नाव नाही.

"अहो, झालं काय?"

"पँट फाटली. मागून."

"का, आज नर्सबाई नव्हत्या वाटतं?"

"होत्या की. सुईदोरा काढून बसल्यासुद्धा. मी म्हटलं, राहू द्या, शिवणारी घरी आहे. अख्खा डोंगर तसाच उतरलो. सगळे पोट धरून हसत होते."

आठवडाभर तिच्या उरात धुमसणारा निखारा क्षणात विझला. डोळ्यांत पाणीच आलं. "या आत, वेडे कुठले," म्हणत तिने त्यांच्या कमरेला गुंडाळलेल्या जाकिटाच्या बाह्यांची गाठ सोडायला घेतली. जाकीट जांभळं होतं, काठाला बारीक फुलं.

तिचा हात गाठीवरच थांबला.

"अहो, हे कोणाचं?"