दहा फेऱ्यांची पैज

"डावीकडे फट राहिलीय," बाइंडरबाईंनी बजावलं, तशी लेकीने चादर ओढून आणखी दोन चिमटे लावले. आता खोलीचे दोन भाग झाले. पलीकडे लेक, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन तबकड्या. अलीकडे आरामखुर्चीत डोळे मिटून चष्मेवाले, आणि त्यांच्या अगदी समोर स्टुलावर त्यांची बायको, म्हणजे बाइंडरबाई. नवऱ्याला डोळे किलकिले करायलाही वाव द्यायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं.

पैज साधी होती. साठ वर्षांपूर्वीची जॅझची एक रेकॉर्ड, एक ट्रम्पेटवाला आणि त्याचे तीन साथीदार. तिची मूळ प्रत चष्मेवाल्यांनी जिवापाड जपलेली. महिन्यापूर्वी तिची नवी आवृत्ती निघाली आणि तीही घरात आली. तेव्हापासून जेवताना, दात घासताना एकच विषय. मूळ प्रतीत ट्रम्पेटवाला श्वास घेतो तेसुद्धा ऐकू येतं, नवीत तो नुसता वाजवतो. मूळ प्रतीत झांज हळूहळू विरत जाते, नवीत मध्येच तुटते.

बाईंना दोन्ही सारख्याच वाटत. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. तसं त्या बोलून गेल्या आणि चष्मेवाले पेटले. "झोपेतून उठवून विचार, ओळखीन," ते म्हणाले. "खोली लावतो पैजेला."

खोली म्हणजे हीच. घरातली एकुलती एक जादा खोली, तीन भिंतींना छतापर्यंत तबकड्या. बाई पुस्तकं बांधत त्या स्वयंपाकघरात. पंचवीस वर्षं दाबयंत्र फ्रिजला खेटून आणि सरसाची वाटी चहाच्या कपाशेजारी. एकदा त्यांनी ब्रश चहात बुडवला होता, आणि सुदैवाने त्याच्या उलटं अजून झालं नव्हतं. आता एका ग्रंथालयाने चारशे जुनी पुस्तकं बांधायला द्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, पुरेशी जागा आहे का ते सोमवारपर्यंत कळवायचं. असं काम बाईंना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

पत्र आलं त्या दिवशी चष्मेवाले "घे खोली" म्हणाले होते खरे, पण स्वतःची दाढ उपटून देत असल्यासारखा चेहरा करून. बाई भारी मानी. उपकाराच्या खोलीत माझा हात चालायचा नाही, असं त्यांनी ताडकन सुनावलं आणि विषय मिटवला. पैजेची गोष्ट वेगळी. जिंकलेली खोली हक्काची.

लेक कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, त्यामुळे नियम तिचे. दहा फेऱ्या. दर फेरीला नाणं उडवायचं, छापा आला तर मूळ, काटा आला तर नवी. तीच तबकडी पुन्हा आली तरी उचलून पुन्हा ठेवायची. दोन्ही धुऊन स्वच्छ, म्हणजे खरखरीवरून ओळखायला नको. आवाज दोन्हींचा एकाच पातळीवर, कारण जरा मोठं वाजलं की कुणालाही ते जास्त गोड लागतं. आठ ओळखल्या तर बाबा जिंकले आणि खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. निकाल शेवटीच सांगायचा.

"चष्म्याच्या दुकानात जन्मभर गिऱ्हाइकांना विचारलंत, आता बरं दिसतंय की मघाशी," बाई म्हणाल्या. "आज तुमची पाळी."

पहिली फेरी सुरू झाली. चष्मेवाल्यांनी जिवाचे कान केले. दहा सेकंदही लागले नाहीत. "मूळ," ते म्हणाले. दुसऱ्या फेरीलाही तेच उत्तर, तेवढ्याच झटक्यात. तिसऱ्या फेरीला ट्रम्पेट सुरू झाला आणि जुना मित्र दारात आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "नवी," ते म्हणाले. चोर सापडल्याचा आनंद झालाय, असं बाईंना वाटलं.

माणूस अडखळायलाच तयार नव्हता. पाचव्या फेरीपर्यंत बाईंनी ग्रंथालयाला नकाराचं पत्र मनातल्या मनात लिहूनसुद्धा टाकलं. पण सातव्या फेरीला चष्मेवाले "मू" म्हणून थांबले, खाकरले, आणि मग म्हणाले, "नवी." बाई ताठ बसल्या. डगमगला! एकदा डगमगला तर आणखी दोनदा डगमगेल. दहावी फेरी येईपर्यंत स्टूल पुढे सरकत सरकत नवऱ्याच्या गुडघ्याला जाऊन टेकलं होतं.

लेक चादरीआडून बाहेर आली. तिने हातातला कागद दोनदा वाचला, मग वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, दहापैकी शून्य."

बाईंना क्षणभर खरंच वाटेना. मग त्या इतक्या हसल्या की स्टुलावरून पडता पडता वाचल्या. चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. डोळ्यांसारखा कानांनाही नंबर लागतो म्हणायचा, एवढंच ते बोलले. त्यांची मित्रमंडळी त्यांना कौतुकाने कानसेन म्हणत. ही बातमी तिथे पोचली की वर्षभर टिंगल चुकणार नव्हती. पण शब्द म्हणजे शब्द. ते उठले आणि स्वतःच वरच्या फळीवरच्या तबकड्या खाली काढायला लागले.

बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. टेप आणून त्यांनी खोली मोजली. खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात दाबयंत्र, या भिंतीला पुठ्ठे. दुपारीच बसून त्यांनी ग्रंथालयाला पत्र लिहिलं, जागा आहे म्हणून, आणि ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

लेक निघाली तेव्हा बाई दारापर्यंत सोडायला आल्या, त्यासुद्धा हसतच. "आणि म्हणे झोपेत ओळखीन," त्या म्हणाल्या. "अगं, निदान दोन-चार तरी बरोबर यायला हव्या होत्या."

लेकीने बूट घालता घालता खोलीकडे पाहिलं. वडील पाठमोरे उभे राहून तबकड्या खोक्यात भरत होते.

"आई, त्यांनी नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती ना, तरी चार-पाच बरोबर आल्या असत्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दहाच्या दहा चुकवायच्या, तर आधी दहाच्या दहा ओळखाव्या लागतात."